भाडोत्री तट्टू : घोडेवाल्यांच्या व्यवसायबोलीचा अभ्यास

५.१ प्रास्ताविक

मागील घटकात आपण मराठीच्या प्रादेशिक बोलींचा विचार केला. बोलीभेद केवळ प्रदेशानुसार होत नाही, तो कामानुसारही होतो, हे तेथे ओझरते आले होते. या घटकात त्या दुसऱ्या भेदाचा, म्हणजे व्यवसायबोलीचा, अभ्यास आपण एकाच व्यवसायाच्या आधारे करणार आहोत. प्रवाशाला घोड्यावर बसवून, स्वतः बरोबर चालत, डोंगरमाथ्यावरच्या आणि मोकळ्या पठारावरच्या वाटांनी फिरवून आणणाऱ्या घोडेवाल्याचा हा व्यवसाय आहे. माथेरान, पाचगणीचे टेबललँड, महाबळेश्वरचा वेण्णा तलाव या ठिकाणी तो आजही चालतो.

‘भाडोत्री तट्टू’ हा शब्दप्रयोग तुमच्या परिचयाचा आहे. पैशासाठी कोणाचीही बाजू घेणाऱ्या माणसाला उद्देशून आपण तो तुच्छतेने वापरतो. वाच्यार्थाने पाहिले तर माथेरानच्या दस्तुरी नाक्यावर जीन चढवून उभे असलेले प्रत्येक जनावर भाडोत्री तट्टूच आहे, आणि त्याच्या भाड्यावर एक कुटुंब जगत आहे. शब्दाचा वाच्यार्थ जेथे अजून कामावर आहे, तेथे जाऊन त्याच्याकडे पाहावे, अशी या घटकाची अपेक्षा आहे.

हा घटक लिहिण्यास एक प्रसंग कारणीभूत झाला. परभणीहून पूर्णेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पिंगळी हे स्थानक लागते. त्या बाजूच्या एका प्रौढ विद्यार्थ्याने काही वर्षांपूर्वी प्रकल्पासाठी ‘अश्वारोहणाची शब्दसंपदा’ हा विषय निवडला होता. त्याच्या घरी वरातीसाठी घोडा होता, हे मला नंतर कळले. प्रकल्पाच्या वहीत अश्व, वल्गा, पर्याण, कशा असे शब्द सुवाच्य अक्षरांत, अर्थांसह, अकारविल्हे लिहिलेले होते. तोंडी परीक्षेत मी सहज विचारले, “घोड्याच्या पाठीवर जे घालता, त्याला घरी काय म्हणता?” तो थोडा घुटमळला आणि म्हणाला, “ते गावठी आहे, सर.” आग्रह केल्यावर मात्र दहा मिनिटांत त्याने खोगीर, तंग, तोबरा, पायबंद, खरारा, चंदी असे शब्द सांगितले, आणि आजोबा ‘पालाण’ म्हणत हेही सांगितले. संस्कृत ‘पर्याण’, त्याचे प्राकृत ‘पल्लाण’ आणि त्याचे मराठी ‘पालाण’. म्हणजे वहीत त्याने ज्या शब्दाला मान दिला होता, त्याचाच सरळ वंशज त्याच्या घरात नांदत होता आणि तो त्याला ‘गावठी’ म्हणत होता. वहीतल्या शब्दांना मी आधीच चांगले गुण देऊन बसलो होतो. तोंडी सांगितलेल्या शब्दांसाठी गुणपत्रिकेत रकाना नव्हता.

५.२ शब्दांचे थर

घोडेवाल्याच्या शब्दसंग्रहात तीन थर स्पष्ट दिसतात. पहिला थर घरचा, म्हणजे संस्कृत-प्राकृतातून उतरलेल्या व देशी शब्दांचा आहे. ‘अश्व’ हा शब्द मराठीत केवळ तत्सम म्हणून, ग्रंथात राहिला; रोजच्या बोलण्यात आला तो ‘घोटक’ या शब्दापासून प्राकृतमार्गे आलेला ‘घोडा’. खूर, टाप, टाच, मांड, चाल, शेपूट हे शब्द, तसेच बुजणे, उधळणे, फुरफुरणे, खिंकाळणे, दामटणे ही क्रियापदे याच थरातील आहेत. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जनावराचे शरीर, स्वाराचे शरीर आणि दोघांच्या हालचाली यांची नावे बहुतांशी घरची आहेत.

दुसरा थर साजाचा आणि व्यवस्थेचा आहे. तो बहुतेक सगळा फारसी, किंवा फारसीच्या वाटेने आलेला अरबी आहे. लगाम, जीन, खोगीर, तंग, तोबरा, चाबूक हे शब्द फारसीतून आले. रिकीब, नाल आणि घोडा सांभाळणारा ‘सईस’ हे मुळात अरबी. घोड्यांच्या रंगांची नावेही अशीच आहेत. काळा-पांढरा तो अबलख, तांबूस तो कुमैत, आणि लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत किंवा तापीकाठच्या सारंगखेड्याच्या बाजारात आजही ज्याची चढ्या आवाजात तारीफ होते तो पांढराशुभ्र ‘नुकरा’. या शब्दाचा अरबी अर्थ चांदी असा आहे. चार पाय आणि कपाळ पांढरे असलेला ‘पंचकल्याणी’ मात्र आपला, आणि गळ्याजवळच्या शुभ भोवऱ्याला म्हणतात तो ‘देवमण’ही आपलाच. शुभाशुभाच्या गोष्टी आपण परक्यांच्या शब्दांत फारशा बोलत नाही, असे दिसते.

हा दुसरा थर मराठीत कसा बसला, हे समजण्यासाठी शिवकालीन घोडदळाकडे पाहावे लागते. सभासदाच्या बखरीत या दळाची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि त्या पंचविसांमागे एक पखालजी व एक नालबंद. ज्याला घोडा सरकारी पागेतून मिळे तो बारगीर, आणि जो स्वतःचा घोडा व हत्यार घेऊन चाकरीस येई तो शिलेदार. ‘सिलाह’ म्हणजे शस्त्र आणि ‘दार’ म्हणजे बाळगणारा. आज आपण कोणाही शूराला शिलेदार म्हणतो, पण बारगीर म्हणत नाही. घोडा कोणाच्या मालकीचा होता, त्यावरून शब्दांचे नशीब ठरले. तिकडे बंगालमध्ये उलट घडले. अठराव्या शतकाच्या पाचव्या दशकात नागपूरकर भोसल्यांच्या फौजा तेथे गेल्या, त्यांची धास्ती ‘बर्गी’ या शब्दात तेथील अंगाईगीतापर्यंत जाऊन पोहोचली. हा ‘बर्गी’ म्हणजे आपला बारगीरच होय.

शिवाजी महाराजांच्या आज्ञेने सिद्ध झालेल्या ‘राज्यव्यवहारकोशा’त फारसी राजकीय संज्ञांना संस्कृत पर्याय सुचविले आहेत, आणि त्यात सैन्यासाठी ‘चतुरंगवर्ग’ हा स्वतंत्र विभाग आहे. दरबारातील पदनामांवर या प्रयत्नाचा परिणाम झाला. तबेल्यात मात्र लगाम तो लगामच राहिला. घोडा अंधारात सजवायचा असतो, घाईत सोडायचा असतो. तेथे शब्द हात पुढे करताच सापडावा लागतो.

‘स्वार’ या शब्दाची कथा विशेष आहे. तो फारसी ‘सवार’पासून आला. त्याचे प्राचीन फारसी रूप ‘असबार’, म्हणजे घोड्याने वाहून नेलेला. त्यातील ‘अस’ आणि संस्कृत ‘अश्व’ हे सख्खे भाऊ आहेत. म्हणजे आपल्या बोलण्यातून गेलेला अश्व परक्या वाटेने, वेष बदलून, घरी परत आला. ‘घोडेस्वार’ म्हणताना आपण घोड्याचा उच्चार दोनदा करतो.

तिसरा थर इंग्रजीचा आहे. माथेरान हे हवा खाण्याचे ठिकाण म्हणून पुढे आले ते १८५० साली ठाण्याचे जिल्हाधिकारी ह्यू मॅलेट तेथे गेल्यानंतर. नेरळहून वर जाणारी छोटी रेल्वे १९०७ साली सुरू झाली. तेथील कड्यांची नावे पॅनोरमा, लुईझा, एको, अलेक्झांडर अशी आहेत. त्यामुळे घोडेवाल्याच्या तोंडी पॉइंट, राइड, लेक, गाइड हे शब्द आले. हा थर ना जनावराचा, ना साजाचा. तो गिऱ्हाइकाचा थर आहे.

परभणी जिल्ह्यातील विद्यार्थ्यांनी येथे थोडे थांबावे. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि तेथे राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. त्यामुळे पुण्याकडे शिवकाळात व पेशवाईत रुजलेले फारसी शब्द तुमच्याकडे दुसऱ्यांदा, उर्दूच्या आणि दखनीच्या तोंडून आले. तुमच्या गावातील वृद्धांच्या बोलण्यात एकाच वस्तूला दोन उच्चार सापडले तर त्यातील एक चूक आहे असे समजू नका. आणखी एक सावधगिरी. गावाच्या नावाचा संबंध कोणी पिंगट रंगाच्या घोडीशी जोडून दाखवला, तर कौतुकाने ऐकावे आणि पुरावा मागावा. घोडा या विषयात लोकव्युत्पत्ती फार भरधाव सुटते.

५.३ घोडेवाला काय बोलतो

शब्दांची यादी म्हणजे बोली नव्हे. शब्द वाक्यात कसे चालतात ते पाहू. पुढील उतारा अभ्यासासाठी रचलेला आहे, तो ध्वनिमुद्रण नव्हे.

“ताई, अगोदर डावा पाय रिकिबीत. नुसता चवडा ठेवा, पाय आरपार घालू नका. आता मांड घट्ट धरा. भिऊ नका, घोडं गरीब आहे. लगाम ओढायचा नाही, नुसता हातात असू द्यायचा. चढाला पुढं वाकायचं, उताराला मागं रेलायचं, टाच खाली. बुजलं तर ओरडू नका, मी संगंच आहे. आधी एको पॉइंटला जाऊ, मग लेकवरनं माघारी.”

वाक्ये आखूड आहेत, आणि त्याला कारण आहे. ऐकणारी व्यक्ती जमिनीपासून उंच, हलत्या पाठीवर, घाबरलेली आहे. तिला दीर्घ वाक्य पेलणार नाही. ‘पाय आरपार घालू नका’ ही सूचना शिष्टाचाराची नाही. पाय रिकिबीत पुरता गेला आणि स्वार पडला, तर तो अडकून फरपटत जातो. व्याकरणात आपण ज्याला निषेधार्थी आज्ञार्थ म्हणतो, तो येथे एका माणसाच्या हाडांची काळजी घेत असतो.

‘वाका’, ‘रेला’ असे न म्हणता तो ‘वाकायचं’, ‘रेलायचं’ असे म्हणतो, हेही पाहा. ‘ठेवा’, ‘धरा’ हे आता, या क्षणी करावयाचे आहे. ‘वाकायचं’ हे पुढे, जेव्हा जेव्हा चढ येईल तेव्हा करावयाचे आहे. तात्कालिक आज्ञा आणि सतत पाळावयाचा नियम यांतील फरक तो क्रियापदाच्या रूपाने दाखवितो. आई मुलाला ‘दार लाव’ म्हणते आणि ‘मोठ्यांना उलट बोलायचं नाही’ म्हणते, तेथेही हाच भेद आहे.

आता ‘घोडं गरीब आहे’ हे वाक्य घ्या. शहरात वाढलेल्या एखाद्या प्रवाशाला यात घोड्याच्या दारिद्र्याची बातमी आहे असे वाटू शकते. अरबी ‘गरीब’ म्हणजे परका, आपल्या मुलखापासून दूर पडलेला. त्यावरून निराधार, निर्धन आणि मराठीत पुढे निरुपद्रवी, शांत असा अर्थप्रवास झाला. गाय गरीब असते, घोडे गरीब असते. ज्याला ‘खोड’ नाही ते गरीब. भाड्याच्या घोड्याचा हा सर्वांत मोठा गुण आहे. वरातीच्या घोड्याला नाचावे लागते, शर्यतीच्या घोड्याला धावावे लागते. कड्याच्या कडेने अनोळखी माणसाला नेणाऱ्या घोड्याने यांतले काहीही करायचे नसते.

तो ‘घोडा’ न म्हणता ‘घोडं’ म्हणतो. मराठीतील तीन लिंगांचा उपयोग येथे दिसतो. नर-मादी हा भेद जेथे महत्त्वाचा नाही, आणि जनावर रोजच्या ओळखीचे आहे, तेथे नपुंसकलिंगी रूप येते. आपल्या म्हणी-वाक्प्रचार आठवा. गंगेत न्हाते ते घोडं, पेंड खाते ते घोडं, वरातीमागून येते ते घोडं, आणि लोक आपापलं दामटतात तेही घोडंच. ही वचने राजवाड्यात घडली नसावीत. ती घोड्याशी रोजचा संबंध असलेल्या माणसांच्या तोंडची आहेत.

जनावराशी तो जे बोलतो ते आपल्या वर्णमालेत लिहिता येत नाही. जीभ टाळूला किंवा दाढेला लावून सोडताना होणारा ‘टक्’ असा आवाज घोडा चालता करण्यासाठी काढतात. मराठीत हा ध्वनी शब्दाचा घटक नाही. दक्षिण आफ्रिकेतील झुलू आणि खोसा या भाषांत मात्र असे ध्वनी आपल्या क-च-ट प्रमाणे पूर्ण व्यंजने आहेत. मानवी तोंडाला शक्य असलेल्या ध्वनींपैकी कोणते शब्दांसाठी घ्यायचे आणि कोणते घोड्यांसाठी ठेवायचे, हे प्रत्येक भाषा आपले आपण ठरविते.

५.४ शब्द घरचा झाला हे कसे ओळखावे

परभाषेतून आलेला शब्द मराठीत मुरला की नाही, याची एक कसोटी सामान्यरूपात आहे. ‘माणूस’ला विभक्तीप्रत्यय लागताना मधला ‘ऊ’ गळतो : माणसाने. ‘लाकूड’, लाकडाने. आता ‘चाबूक’ घ्या. आपण ‘चाबूकने’ म्हणत नाही, ‘चाबकाने’ म्हणतो. फारसीत ‘चपळ’ असाही अर्थ असलेल्या या शब्दाने मराठी माणसासारखी मान वाकवली. ‘रिकीब’ स्त्रीलिंगी झाली, तिचा दीर्घ ‘की’ ऱ्हस्व झाला आणि ‘रिकिबीत’ असे रूप तयार झाले. ‘तोबरा’, तोबऱ्यात, ‘जीन’, जिनावर. यांपैकी एकही रूप कोणी शिकविलेले नाही.

त्याउलट घोडेवाला ‘पॉइंटला’, ‘लेकवरनं’ म्हणतो. शब्द जसाच्या तसा ठेवून त्याला प्रत्यय चिकटविलेला आहे. पाहुणा घरात आला आहे, पण त्याने अजून पादत्राणे काढलेली नाहीत. याच इंग्रजीतून आधी आलेले ‘टेबल’ आणि ‘तिकीट’ मात्र ‘टेबलावर’, ‘तिकिटाला’ असे वाकले आहेत. पाचगणीच्या पठारावर उभे राहिलात तर गंमत पाहा. मेजाच्या अर्थाने ‘टेबलावर’ म्हणणारा मनुष्य पठाराला ‘टेबललँडवर’ म्हणतो. एकाच शब्दाचा एक भाऊ रुळला आहे, दुसरा रुळायचा आहे.

५.५ साज उतरला, शब्द राहिले

ज्यांनी कधी घोड्याला हात लावलेला नाही, असे मराठी भाषक दिवसभर घोड्याचा साज वापरीत असतात. खर्चाला लगाम घालतात, भ्रष्टाचाराला पायबंद. पायबंद म्हणजे घोड्याचे मागचे पाय बांधण्याची दोरी. पानाचा तोबरा भरणाऱ्या गृहस्थास तोबरा ही घोड्याच्या तोंडाला अडकवावयाची दाण्याची पिशवी आहे, हे कोणी सांगू नये. ‘चंदी’ हा घोड्याचा दाण्याचा खुराक. अधिकाऱ्यास चारावयाच्या चंदीचा अर्थ तुम्हाला ठाऊकच आहे. खोगिरात चिंध्या, गवत असा हाती लागेल तो माल कोंबीत, म्हणून निरर्थक मजकुराची ती खोगीरभरती. (प्रकल्पवहीत ती टाळावी.) डोळ्यांच्या बाजूंना लावायची झापडे, त्यावरून झापडबंद विचार. चौखूर उधळणे, मांड पक्की करणे, घोडामैदान जवळ असणे हे सगळे त्याच तबेल्यातून आले.

हे अर्थविस्तार झाले तेव्हा मूळ वस्तू सर्वांच्या डोळ्यांसमोर होती. भीमेच्या काठची भीमथडी तट्टी मराठी घोडदळाचा कणा मानली जातात. जसा भीमेचा काठ भीमथडी, तसा तुमचा गोदेचा काठ गंगथडी. ती काटक, आखूड बांध्याची तट्टी आज मुख्यतः धनगरांच्या वाड्यांबरोबर दिसतात. मेंढरे चरत पुढे आणि बिऱ्हाड पाठीवर घेतलेले तट्टू मागे. मोकळ्या माळाशी आणि डोंगरघाटाशी घोड्याचे जुने नाते त्यांच्याकडे अजून कामाचे आहे, सहलीचे नव्हे. तुमच्या परिसरात असा वाडा उतरला तर त्याच्याकडून मिळणारे शब्द माथेरानच्या शब्दांहून अधिक मोलाचे ठरतील, असे माझे मत आहे. तेथे इंग्रजीचा थर नाही, कारण गिऱ्हाईक नाही.

५.६ आजची स्थिती

माथेरानात मोटारींना बंदी आहे. केंद्र शासनाने २००३ साली हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित केला. दस्तुरी नाक्यापासून पुढे पायी, घोड्यावर, माणसाने ओढावयाच्या रिक्षेत किंवा छोट्या रेल्वेने जावयाचे, अशी रीत पडली. चारशेहून अधिक घोडे या एका गावात भाड्याने चालत आले आहेत. महाराष्ट्रात घोड्याचे शब्द दररोज, कामासाठी, मोठ्याने उच्चारले जातात अशी जी मोजकी ठिकाणे आहेत, त्यांतील हे एक.

२०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने तेथे ई-रिक्षा प्रायोगिक स्वरूपात चालविण्यास मुभा दिली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. माणसाने माणसाला ओढण्याची प्रथा जावी, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. घोडेवाल्यांच्या संघटनांनीही या प्रकरणात न्यायालयापुढे आपले म्हणणे मांडले होते. त्यांची चिंता भाड्याची आहे आणि ती रास्त आहे. घोडा दिवसभर उभा राहिला तरी चंदी खातो. भाषेच्या अभ्यासकाला मात्र या वादात आणखी एक गोष्ट दिसते. ई-रिक्षाच्या चालकाला ‘टाच खाली’ म्हणण्याचे कारण पडत नाही. मुंबईतील व्हिक्टोरिया घोडागाड्या उच्च न्यायालयाच्या २०१५ च्या निर्णयानंतर बंद पडत गेल्या, मराठवाड्याच्या गावांतील टांगे त्याआधीच रिक्षांपुढे हटले. टांगेवाल्यांच्या बोलीची पद्धतशीर नोंद करावी असे आमच्या पिढीच्या अभ्यासकांना सुचले तोवर बोलणारे थकले होते. मीही त्या अभ्यासकांत मोडतो.

मोल्सवर्थच्या कोशात, म्हणजे १८३१ च्या पहिल्या आणि १८५७ च्या सुधारलेल्या आवृत्तीत, घोड्यासंबंधीचे शब्द विपुल आहेत. दुडकी, रवाल अशा चालींची नावे तेथे सापडतात. पण कोश शब्दाचा अर्थ सांगतो. तो कोण कोणाला, कोणत्या घाईत, कोणत्या सुरात म्हणतो, ते सांगत नाही.

५.७ स्वाध्याय आणि क्षेत्रकार्य

पहिले काम घरी करावयाचे आहे. लगाम, नालबंद, तंग, चाबूक, राइड, तबेला, ट्रेक या शब्दांची सप्तमी व तृतीयेची रूपे स्वतः मोठ्याने म्हणून लिहा. पुस्तकात पाहू नका. नंतर तीच रूपे घरातील सर्वांत वृद्ध आणि सर्वांत लहान व्यक्तीकडून घ्या. फरक पडल्यास कोठे पडला ते नोंदवा, बरोबर-चूक ठरवू नका.

दुसरे काम बाहेरचे आहे. मार्गशीर्षातील माळेगावची यात्रा परभणी-नांदेडच्या विद्यार्थ्यांना जवळ आहे. इतरांनी वरातीचा घोडेवाला, धनगरांचा वाडा, किंवा सहलीस गेल्यास तेथील घोडेवाला निवडावा. जनावरांच्या बाजारात भाव रुमालाखाली बोटांनी ठरतो, तेथे कानांचा उपयोग नाही. जनावर दाखविताना होणाऱ्या बोलण्याकडे लक्ष द्यावे. घोडेवाल्याला त्याच्या धंद्याच्या वेळी अडवू नये. अडवलेच तर फेरीचे पैसे देऊन घोड्यावर बसावे आणि त्याच्या सूचना ऐकाव्यात, नोंद उतरल्यावर करावी. ‘याला शुद्ध मराठीत काय म्हणतात’ असा प्रश्न कोणालाही विचारू नये. विचारताच समोरचा मनुष्य गप्प होतो किंवा वर्तमानपत्रासारखा बोलू लागतो. वस्तूला हात लावून ‘हे काय’ एवढेच विचारावे. शब्द बोलणाऱ्याच्या उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहावा. शेजारी वस्तूचे ओबडधोबड चित्र काढावे आणि शब्द कोणत्या वाक्यात आला ते पूर्ण वाक्य द्यावे. वीस शब्द पुरेत. तोंडी परीक्षेच्या वेळी हीच वही सोबत आणावी.